चोक लावला तरच चालणारी जुनी गाडी: कार्बोरेटर बदलण्याआधी

चोपडा तालुक्यातल्या एका तरुण शेतकरी भावाने विचारलं आहे. त्यांनी २०१२ ची शंभर सीसीची मोटारसायकल जुनी घेतली. आधीच्या मालकाकडे ती दीड वर्ष शेडमध्ये उभी होती. आता सकाळी चोक लावला की दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू होते, पण चोक काढला की बंद पडते, म्हणून ते अर्धा चोक ठेवूनच फिरवतात. उभ्या जागी स्लो धरत नाही, म्हणजे रेस न देता चालू राहत नाही. रस्त्यावर वेग घेतला की मात्र चांगली पळते. स्टँडवर लावली की खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं आणि अ‍ॅव्हरेज पस्तीसच्या वर जात नाही. एका मेकॅनिकने प्लग काळा पाहिला, 'पेट्रोल जास्त जातंय' म्हणाला आणि कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू टाइट केला. त्यानंतर गाडी आणखी बिघडली. दुसरा म्हणतो, कार्बोरेटरच नवा टाका.

भाऊ, नवा कार्बोरेटर आत्ता घेऊ नका. तुम्ही जे लिहिलं आहे त्यातच बरंचसं निदान आहे, फक्त त्यात दोन आजार एकमेकांत मिसळले आहेत.

चोक काय करतो ते आधी बघा. कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देतो. चोक त्याच्या तोंडावरची हवा अडवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. थंड इंजिनला ते लागतंच. पण पाच-दहा मिनिटं चालून तापलेलं इंजिनही चोकशिवाय थांबत असेल, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय, जास्त नाही. मग प्लग काळा कसा? तुम्ही अर्धा चोक लावून शेतात आणि गावात गाडी फिरवताय म्हणून. प्लगवरची काजळी त्या चोकची आहे. तुमच्या मेकॅनिकने प्लग बरोबर पाहिला, पण गाडी कशी चालवता ते विचारलं नाही. ठिबकणारं पेट्रोल हा वेगळा दोष, त्याचा मूळ दोषाशी थेट संबंध नाही. अ‍ॅव्हरेज या दोन्हींनी मिळून खाल्लंय.

एकोणतीस वर्षं हे काम करतोय आणि माझं पहिलं सांगणं नेहमी हेच असतं, की पाना हातात घेण्याआधी गाडी नेमकी कुठे बिघडते ते ठरवा. कार्बोरेटर म्हणजे एकच वाट नव्हे. त्यात जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्राचे पितळी तुकडे, असतात. रेस पूर्ण बंद ते साधारण आठव्या भागापर्यंत उघडी असते तेव्हा स्लो जेटचं राज्य असतं. तिथून पाव रेसपर्यंत कार्बोरेटरमधल्या पिस्टनच्या, म्हणजे रेस दिली की वर उचलल्या जाणाऱ्या स्लाइडच्या, खालच्या कापाचा परिणाम होतो. पाव ते पाऊण रेसमध्ये स्लाइडला लटकलेली लांब सुई पेट्रोल मोजते. पाऊणच्या पुढे मेन जेट. मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डब्यावर चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावा, पेनाने खुणा करा, आणि मोकळ्या रस्त्यावर बघा की कुठल्या खुणेला गाडी झटके मारते. तुमची गाडी वेगात चांगली पळते, म्हणजे सुई आणि मेन जेट ठीक आहेत. खालीच मरते, म्हणजे स्लो जेटची वाट तुंबलीय किंवा इंजिन आणि कार्बोरेटरच्या जोडातून फुकटची हवा आत येतेय. लाखभर किलोमीटर चाललेला कार्बोरेटरसुद्धा यासाठी बदलावा लागत नाही.

तरीही कार्बोरेटरला हात लावण्याआधी चार गोष्टी बघून घ्या. अर्धा तास जाईल, पण माझ्याकडे 'कार्बोरेटरचं काम' म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्या या चार गोष्टींवरच बऱ्या होऊन परत गेल्यात.

पहिली, टाकीचं झाकण. त्यात हवा आत जायला बारीक छिद्र असतं. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ आणि पेट्रोलची ओल मिळून ते बंद होतं. मग टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. पारोळ्याच्या बाजूचे एक दूधवाले दादा यायचे. त्यांची गाडी दर पाच-सात किलोमीटरला बंद पडायची आणि दहा मिनिटं थांबली की पुन्हा चालू व्हायची. दोन ठिकाणी कार्बोरेटर साफ करून झाला होता. मी बंद पडलेल्या गाडीचं झाकण उघडलं तर 'फुस्स' आवाज आला. छिद्र मोकळं केलं, काम संपलं. तुमच्या गाडीचं लक्षण तसं नाही, पण जुनी गाडी आहे, बघून ठेवा.

दुसरी, पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालचा नळ. नळी काढून बाटलीत सोडा. धार अखंड यायला हवी. थेंब-थेंब येत असेल तर कॉकची जाळी गंजाने भरली आहे. दीड वर्ष अर्धी टाकी घेऊन उभ्या असलेल्या गाडीत आतून गंज धरतोच. टॉर्च मारून टाकीत बघा. लालसर तपकिरी पापुद्रे दिसले तर आधी टाकी साफ करा, नाहीतर आज साफ केलेला कार्बोरेटर आठवड्यात पुन्हा तुंबेल. आणि कॉक व टाकी साफ झाल्यावर नळीत एक छोटा फिल्टर जरूर टाका.

तिसरी, एअर फिल्टर. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांच्या गाड्यांत मी फिल्टरवर रुईचा अक्षरशः थर पाहिलाय. फिल्टर तुंबला की चोक लावल्यासारखंच होतं, पेट्रोल जास्त आणि प्लग काळा. स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, हलकं तेल लावून बसवा. कागदाचा असेल तर बदला, आणि तेल लावून येणारा कागदी फिल्टर हवा मारून साफ करायच्या भानगडीत पडू नका. एक कळकळीची विनंती: पिकअप वाढतो म्हणून फिल्टर काढून गाडी फिरवणारी पोरं माझ्याकडे वर्षभराने बोअर-पिस्टन घेऊन येतात. आपली धूळ म्हणजे इंजिनसाठी पॉलिश पेपर आहे.

चौथी, प्लग आणि टॅपेट. प्लगचा गॅप आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची, ढिलाई कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) लावा. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि गाडी स्लो धरत नाही. ते लक्षण हुबेहूब कार्बोरेटरसारखं दिसतं.

आता खोलायचं. पण खोलण्याआधी इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. हे मुद्दाम सांगतोय. तुमचं पेट्रोल खालच्या नळीतून ठिबकतं, ते किमान दिसतं तरी. काही वेळा तेच पेट्रोल मॅनिफोल्डमधून, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीतून, सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. काडीला पेट्रोलचा वास असेल, पातळी वाढलेली असेल, ऑइल पाण्यासारखं झालं असेल, तर ते फेका आणि दुरुस्तीनंतर नवीन टाका. त्या ऑइलवर गाडी चालवली तर नुकसान कार्बोरेटरच्या दहापट होईल. आणि हे सगळं काम उघड्यावर करा. घरात, चुलीजवळ, देवघराच्या दिव्याजवळ, कुणी बिडी ओढत असताना नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरकत जाते आणि ठिणगी लांब असली तरी पोहोचते.

कॉक बंद करा. बाउलच्या, म्हणजे खालच्या वाटीच्या, तळाचा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या आणि उन्हात धरून बघा. तळाला मण्यासारखे थेंब वेगळे फिरताना दिसले तर पाणी. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर आतला धातू गंजतोय. तपकिरी चिकट थर म्हणजे जुनं पेट्रोल उडून मागे राहिलेला गाळ. दीड वर्ष उभ्या गाडीत मला हा चिकट थर नक्की अपेक्षित आहे.

इथे इथेनॉलचं एक सांगतो, कारण सध्या प्रत्येक बिघाड त्याच्यावर ढकलला जातो. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता सगळीकडे आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी एका मर्यादेच्या पुढे गेलं की पाणी-इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतं. जुन्या गाड्यांचे रबरी भाग, नळ्या, ओ-रिंग या पेट्रोलसाठी केलेले नव्हते, ते फुगतात किंवा कडक होतात. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. हे सगळं खरं आहे. पण रोज चालणाऱ्या गाडीत हा त्रास कमी, उभ्या गाडीत जास्त. तुमची गाडी उभी होती, म्हणून तुम्हाला दोन्ही बाजूंनी बसलं.

कार्बोरेटर काढला की बाउलचे स्क्रू उघडा. मध्ये दोन पितळी जेट दिसतील. मोठ्या भोकाचा मेन जेट. शेजारी खोल खड्ड्यात, अरुंद आणि लांबट, तो स्लो जेट. त्याला बरोबर मापाचा पेचकस लावा. लहान पेचकसने पितळ कुरतडलं की तो जेट पुन्हा निघत नाही. बाहेर काढून उजेडाकडे धरा. सुईच्या टोकाएवढं, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान गोल छिद्र स्वच्छ दिसलं पाहिजे. नुसता उजेड दिसतोय म्हणून समाधान मानू नका, कडेला अर्धवट थर असला तरी गाडी स्लो धरत नाही. तुमच्यात बहुधा उजेड दिसणारच नाही.

साफ कसा करायचा, यात सगळ्यात जास्त चुका होतात. मी शिकाऊ असताना एका जेटमध्ये सायकलच्या ब्रेकची तार घातली होती. छिद्र मोकळं झालं, गाडी चालली, आणि दोन आठवड्यांनी मालक अ‍ॅव्हरेज पडल्याची तक्रार घेऊन आला. पोलादी तारेने पितळ खरवडून छिद्र मोठं झालं होतं. जेटच्या छिद्राचं मापच पेट्रोल ठरवतं, ते शतांश मिलिमीटरमध्ये असतं. त्या माणसाला नवा जेट मी माझ्या पगारातून दिला. त्या दिवसापासून माझ्याकडे पोलादी तार कार्बोरेटरजवळ येत नाही. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये तासभर भिजवा, मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारा. तरीही अडलं तर विजेच्या लवचिक वायरमधला तांब्याचा एकच बारीक धागा घ्या आणि अलगद फिरवा. तांबं पितळेपेक्षा मऊ असतं.

जेट साफ झाला म्हणजे वाट साफ झाली असं नाही. जेटच्या मागे कार्बोरेटरच्या अंगातूनच बारीक बोगदे जातात आणि इंजिनच्या बाजूला, स्लाइडच्या पायाशी, एक-दोन टाचणीएवढ्या छिद्रांतून बाहेर पडतात. क्लीनरची नळी स्लो जेटच्या खड्ड्यात दाबून फवारा मारा आणि त्या छिद्रांतून धार येते का बघा. धार दिसेपर्यंत जोडणी करू नका. फवारा डोळ्यांत उडतो, चष्मा घाला. आणि फवारण्याआधी सगळे रबरी भाग काढून ठेवा. पल्सरसारख्या ज्या गाड्यांत व्हॅक्यूमचा कार्बोरेटर असतो, त्यात वर पातळ रबरी पडदा असतो. त्यावर हे औषध पडलं तर तो फुगून वाया जातो. तुमच्या शंभर सीसीत सहसा साधी तारेने ओढायची स्लाइड असते, ती चिंता नाही.

आता ठिबकणं. वाटीत फ्लोट तरंगतो, पेट्रोल भरत आलं की तो वर उचलला जातो आणि छोटी नीडल (स्लाइडच्या लांब सुईपेक्षा वेगळी) पेट्रोलची वाट बंद करते. आपल्या शौचालयाच्या फ्लशच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखंच. ठिबकतंय म्हणजे ती वाट पूर्ण बंद होत नाही. नीडल काढून तिचं रबरी टोक भिंगाखाली बघा. गोल खोबण पडली असेल तर नीडल गेली. ती बसते ती जागा काडीवर कापूस घेऊन पुसा. टोकदार काहीही लावू नका. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल डचमळलं तर त्याला भोक आहे आणि तो बदलावाच लागेल. मग फ्लोट-नीडल बसवून कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोलच्या नळीला तोंड लावून हळू फुंका. फ्लोटच्या वजनाने नीडल बंद झालेली असते, हवा अजिबात जाता कामा नये. फ्लोट बोटाने उचला, हवा जायला हवी. या एका चाचणीला दोन मिनिटं लागतात, आणि ती न करता कार्बोरेटर गाडीवर चढवला तर तो पुन्हा उतरवण्यात अर्धा दिवस जातो.

ठिबकायच्या नळीचं तोंडही तपासा. कुंभारीण माशी अशा नळ्यांत मातीचं घर करते. शेतातल्या शेडमध्ये उभ्या गाडीत हे मी अनेकदा पाहिलंय. तुमच्या नळीतून पेट्रोल येतंय म्हणजे ती मोकळी आहे, पण शेजारची हवेची नळी बुजलेली असू शकते. ती बुजली की वाटीतलं पेट्रोल नीट वर चढत नाही.

लागणारं सामान काही शे रुपयांचं आहे: नीडल, बाउलची पॅकिंग, ओ-रिंग, गरज पडली तर स्लो जेट. ओरिजिनल घ्या. शंभर सीसीच्या गाड्यांची घराणी फार जुनी आहेत, हीरो होंडाची सीडी १०० आली १९८५ ला आणि स्प्लेंडर १९९४ ला, त्यामुळे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात. नकली कार्बोरेटर स्वस्तात मिळतो, पण त्यातल्या जेटचं माप काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या मेकॅनिकचा सल्ला मला त्यामुळेच पटत नाही.

जोडताना मॅनिफोल्ड आणि मधला काळा इन्सुलेटर बघायला विसरू नका. त्यातली ओ-रिंग चपटी झाली असेल किंवा इन्सुलेटरला तडा असेल तर तिथून हवा आत शिरते, आणि लक्षणं पुन्हा तीच, चोकशिवाय चालत नाही. गाडी चालू करून त्या जोडावर साबणाचं थोडं पाणी टाका. इंजिनचा आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. काही जण त्यासाठी पेट्रोल मारतात. तापल्या इंजिनवर ते कधीही करू नका. नट घट्ट करताना दोन्ही बाजू आळीपाळीने घ्या, एकच बाजू कसली की चकती वाकते आणि नवीन ओ-रिंगही बसत नाही.

शेवटी सेटिंग, ज्यापासून लोक सुरुवात करतात. तुमच्या पहिल्या मेकॅनिकने स्क्रू टाइट केला, पण टाइट म्हणजे पेट्रोल कमी, हे सगळ्या गाड्यांत खरं नसतं. तो स्क्रू स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा आहे, आत घेतला की हवा कमी आणि पेट्रोलचं प्रमाण जास्त. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलच्या मिश्रणाचा आहे, आत घेतला की पेट्रोल कमी. आधी ही जागा बघा. मग स्क्रू अगदी हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या. कसलात तर त्याचं टोक आतली जागा कायमची कापून टाकतं. तिथून दीड ते दोन फेरे बाहेर काढून सुरुवात करा. गाडी दहा मिनिटं चालवून तापवा. स्लोचा (रेस सोडल्यावरचा वेग ठरवणारा) स्क्रू थोडा चढवा, मग तो पहिला, हवेचा किंवा मिश्रणाचा, स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिनचा आवाज सगळ्यात वर आणि सगळ्यात सलग होईल ती जागा शोधा. मग स्लो खाली आणा. शंभर सीसीला साधारण १४०० फेरे प्रति मिनिट. मीटर नसेल तर कानाने, ठोका मोजता येऊ नये पण कण्हतानाही ऐकू येऊ नये. रेस एकदम उघडा-सोडा, गाडी बंद पडली नाही आणि आवाज वरच अडकून राहिला नाही तर झालं.

एका गोष्टीवर मी कुणाचं ऐकत नाही. 'अ‍ॅव्हरेज सत्तर काढून देतो' म्हणून सुईची क्लिप वरच्या खाचेत घालून देणारे गावोगाव आहेत. क्लिप वर गेली की सुई खाली उतरते आणि पेट्रोल कमी होतं. अ‍ॅव्हरेज चार दिवस दिसतं. पण पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात दोघं जण आणि खताची गोणी घेऊन निघालेल्या गाडीचा पिस्टन जाम झालेला मी हाताने उघडलाय. प्लग विटकरी-तपकिरी हवा. पांढरा पडत असेल तर तुम्ही इंजिन जाळून पेट्रोल वाचवताय. उलट तोरणमाळचा घाट चढताना गाडी जड वाटली तर घाबरून स्क्रू फिरवू नका. हजार मीटरच्या वर हवा विरळ होते, मिश्रण आपोआप जाड होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं, खाली शहाद्याला उतरलात की गाडी आपसूक ठीक होते.

२०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाच्या नव्या, बीएस-६ नियमांमुळे जवळपास सगळ्या नव्या गाड्या कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना स्कॅनर लावता येतो, फ्लोट कानाशी धरून हलवायचा हे ठाऊक नसतं. पण खान्देशातल्या शेतांत अजून हजारो जुन्या गाड्या रोज दूध, भाजी आणि पोरांना शाळेत नेतायत. त्या चालत्या राहाव्यात म्हणून हे इतकं लांबण लावून लिहिलं.

काम झाल्यावर नवा प्लग टाका, चोक पूर्ण काढून शंभर किलोमीटर चालवा आणि प्लग काढून रंग बघा. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवा, सकाळी त्यावर डाग नसावा. आणि पुढे कधी महिनाभर गाडी उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून बाउलचा स्क्रू सोडा आणि वाटी रिकामी करूनच ठेवा.